दोष अंडाशयाचा की मेंदूचा?

१/ वार्धक्यात मादीचे ऋतुचक्र का थांबते? ‘अंडाशय थकतो’, हे उत्तर दीर्घकाळ पुरेसे वाटत असे. प्रयोगशाळेतील उंदरांनी त्याला आव्हान दिले.

२/ आधी चक्र मोजता येणे आवश्यक होते. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये स्टॉकार्ड व पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशी तपासून ते ओळखण्याची रीत दाखवली. १९२२ साली कॅलिफोर्नियात लाँग व इव्हान्स यांनी उंदरांचे चक्र सविस्तर नोंदवले : अवघे चार-पाच दिवस.

३/ वय वाढले की हे चक्र अनियमित होते. पुढे अनेक माद्यांत इस्ट्रोजेन स्रवत राहते, परंतु अंडोत्सर्ग होत नाही.

४/ १९६०च्या दशकात आशहाइम यांनी वृद्ध माद्यांत तरुण अंडाशय रोपले. तरीही नियमित चक्र परतले नाही. १९६९ साली मिशिगनमध्ये क्लेमेन्स, माइट्स व सहकाऱ्यांनी वृद्ध माद्यांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या भागाला विद्युत उत्तेजना दिली. थांबलेला अंडोत्सर्ग पुन्हा घडला!

५/ उंदरांत बिघाड मुख्यतः मेंदूकडून येणाऱ्या संदेशांत होता. स्त्रियांच्या रजोनिवृत्तीत मात्र अंडाशयातील बीजसाठा संपणे हेच प्रमुख कारण ठरते. म्हणूनच उंदरांवरील निष्कर्ष स्त्रियांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.