कॅमेरा निवडताना : मेगापिक्सेलच्या पलीकडे

कॅमेरा घ्यायचा म्हटले, की ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, ‘किती मेगापिक्सेलचा?’ वास्तविक सहा बाय चार इंचांचे छायाचित्र सुस्पष्ट छापण्यासाठी सुमारे २, तर ए-फोर आकारासाठी सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. खरा फरक पडतो तो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकारामुळे आणि लेन्समुळे.

मोबाइल : तो सदैव जवळ असतो, हेच त्याचे बळ. लहान सेन्सरची उणीव तो लागोपाठ टिपलेली अनेक चित्रे एकत्र करून भरून काढतो. मात्र अंधुक उजेडात हलणाऱ्या व्यक्तीबाबत ही युक्ती तोकडी पडते. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा तुकडा मोठा करणे. त्यात बारकावे हरवतात.

कॉम्पॅक्ट : यातील ऑप्टिकल झूम दूरचे दृश्य खरोखर जवळ आणतो. परंतु साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे सहलीत, लख्ख उन्हात तो उपयुक्त. रात्री निराशा करणारा.

डीएसएलआर : एपीएस-सी प्रकारचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने साध्या कॉम्पॅक्टच्या जवळपास तेरापट. लेन्स बदलता येते, बॅटरी दीर्घकाळ टिकते. वजन मात्र अधिक. कंपन्यांचा भर आता मिररलेसवर असला, तरी वापरलेला सुस्थितीतील डीएसएलआर काटकसरीचा पर्याय आहे.

मिररलेस : २००८मध्ये पॅनासॉनिकच्या जी-१ पासून हा प्रकार रुळू लागला. आरसा नसल्याने आकार आटोपशीर राहतो आणि चित्र कसे येणार, हे व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसते. बॅटरी मात्र लवकर संपते.

निवड कशी करावी? मुलांच्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घेऊ. रंगमंचावर उजेड कमी आणि मुले नाचत असतात. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण झूमवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावल्यास सुमारे दहापट प्रकाश आत येतो. जिथे शटर १/२० सेकंद उघडे ठेवावे लागे, तिथे १/२०० सेकंद पुरतो आणि चेहरे फिसकटत नाहीत. तेव्हा महागड्या कॅमेऱ्यावर सारे पैसे खर्च करण्यापेक्षा मध्यम किमतीचा कॅमेरा आणि अशी एक लेन्स घेणे श्रेयस्कर. केवळ दिवसाउजेडी घरगुती छायाचित्रे काढणाऱ्यांना मात्र हातातील मोबाइल पुरेसा आहे.