निरोपाची कळ : कार्यालयीन दूरध्वनी आणि सोलापूरचा भाषाव्यवहार

कार्यालयीन दूरध्वनीच्या संचावर अंकांच्या कळांखेरीज दुसऱ्या कळांची एक रांग असते. तिच्यातील एका कळीवर 'मेसेज' असे लिहिलेले असते. तिचे कार्य असे : एका मेजावरून दुसऱ्या मेजाचा फोन लावला, पलीकडून कोणी उचलला नाही किंवा तेथे बोलणे चालू असले, तर लावणाऱ्याने ही कळ दाबावयाची. पलीकडच्या संचावर एक दिवा लागतो. त्या मेजाचा मनुष्य परत आला, दिवा पाहिला आणि पेटलेली कळ त्याने दाबली, की यंत्र स्वतःच पहिल्या मनुष्याचा क्रमांक लावून देते. ह्या सर्व व्यवहारात एकही शब्द उच्चारला जात नाही. तरीही त्याला निरोप म्हणतात. शब्दावाचून निरोप ही कल्पना मराठी माणसाला चमत्कारिक वाटावी अशी आहे. ती कार्यालयात कशी रुळली आणि रुळताना तिने भाषेतील काय बाजूला सारले, हे पाहण्यास सोलापूरसारखे दुसरे सोईचे शहर नाही.

ह्याचे कारण सोलापूरच्या चार भाषांत आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी वळणाची उर्दू ह्या चारही भाषा ह्या शहराच्या बाजारात, मागांच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. ह्या चारांची कुळे दोन. परंतु निरोप सांगण्याचे व्याकरण एकच. मराठी शिपाई सांगतो, "उद्या येतो म्हणून सांगितलंय." कन्नड बोलणारा 'नाळे बर्तीनि अंत' म्हणतो, तेलुगू बोलणारा 'रेपु वस्तानु अनि' म्हणतो आणि दखनी बोलणारा 'कल आता हूँ बोलके' म्हणतो. म्हणून, अंत, अनि, बोलके हे चारही शब्द 'म्हणणे' ह्या अर्थाच्या धातूंपासून निघालेले आहेत, आणि चौघेही उद्धृत वाक्याच्या शेवटी येतात. संस्कृतातील 'इति'चा प्रयोग आणि द्राविडी भाषांतील ही रचना ह्यांचा संबंध कायपर ह्या डच पंडिताने १९६७ साली मांडल्यापासून भाषाशास्त्रात हा विषय परिचयाचा झाला आहे. येथे त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची. 'येतो', 'बर्तीनि', 'वस्तानु' ही सर्व रूपे प्रथमपुरुषी आहेत. जो हजर नाही त्याचा 'मी' निरोप्याच्या तोंडून जसाच्या तसा बोलतो, आणि 'म्हणून' हा एक शब्द त्या परक्या 'मी'ला आपल्या जागी ठेवतो.

निरोप्याचे दुसरे काम पदरचे घालण्याचे. साहेब आत म्हणतात, "त्याला पाठव." शिपाई बाहेर येऊन म्हणतो, "साहेबांनी आपल्याला बोलावलंय." एकवचनाचे अनेकवचन आणि आज्ञेचे आमंत्रण वाटेतच होते. ही भर कोणी शिकवीत नाही, तिची नोंद कोठल्याही दप्तरात होत नाही. परंतु कचेरीतील निम्मे सौजन्य ह्या वाटेवर निर्माण होत असे, असे म्हणण्यास हरकत नाही.

शब्दावाचून संकेत पाठविण्याची पद्धत सोलापूरला नवी नव्हती. गिरण्यांचा भोंगा हा एक संकेत होता. परंतु तो एकमार्गी, सर्वांना उद्देशून आणि उत्तराची अपेक्षा नसलेला. मेसेज कळीचा खरा पूर्वज रेल्वे स्थानकात सापडतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. पुढे लगतच्या दोन स्थानकांमध्ये गाडी सुरक्षित सोडण्यासाठी जी ब्लॉक उपकरणे आली, त्यांवर एक कळ आणि एक घंटा असते. स्टेशन मास्तर कळ दाबतो, पलीकडच्या स्थानकात ठोका पडतो. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, फोनवर या. दोन म्हणजे मार्ग मोकळा आहे काय. तीन म्हणजे गाडी निघाली. चार म्हणजे गाडी पोहोचली. सहा म्हणजे अडथळा, धोका. सोलापूर विभाग १९६६ साली दक्षिण-मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ साली मध्य रेल्वेत परतला; अधिकाऱ्यांच्या भाषा बदलल्या, कागदांवरील नावे बदलली, पण ठोक्यांचा अर्थ बदलला नाही. ह्या संकेतपद्धतीचा मुख्य नियम असा, की जितके ठोके आले तितकेच ठोके परत देऊन पोच द्यावयाची. पोच आल्यावाचून संकेत पूर्ण झाला असे धरले जात नाही. शिवाय कळ दोन्हीकडे सारखीच असते. लहान स्थानकाचा मास्तर मोठ्या स्थानकाला तितक्याच अधिकाराने ठोका देतो. हे दोन्ही विशेष ध्यानात ठेवले, म्हणजे कार्यालयीन कळीचे वेगळेपण कळते.

भारतात दूरध्वनीची मध्यवर्ती केंद्रे १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे सुरू झाली. तेव्हापासून फार काळ फोन म्हणजे प्रथम ऑपरेटरशी बोलणे, असाच अर्थ होता. अमेरिकेत स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाने १८९१ साली स्वयंचलित केंद्राचे पेटंट घेतले. तो प्रेतसंस्काराचा व्यवसाय करी, आणि ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते अशा संशयाने त्याने हे यंत्र रचले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ऑपरेटरच्या हाती किती सत्ता होती हे तिच्यावरून समजते. मोठ्या कचेरीच्या खाजगी बोर्डावर बसणाऱ्या ऑपरेटरला कोण कोठे बसतो, कोण दौऱ्यावर आहे, कोणाचा फोन कोणाला ताबडतोब द्यावयाचा आणि कोणाला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असे सांगावयाचे, हे सर्व पाठ असावे लागे. सोलापुरात त्यात आणखी एक भर : पलीकडचा पहिला शब्द ऐकून पुढचे वाक्य कोणत्या भाषेत बोलावयाचे, हेही त्याच क्षणी ठरवावे लागे.

ऑपरेटरच्या ह्या ज्ञानाचे तुकडे करून ते मेजावरच्या संचात घालण्याचा उद्योग अमेरिकेत बेल कंपनीने सुरू केला. तिची पहिली कळ-दूरध्वनी पद्धती १९३८ सालची. पुढच्या आवृत्त्यांत कळीतच दिवा आला. सहा कळांच्या ह्या प्रसिद्ध संचावर पहिली कळ लाल, ती 'होल्ड'ची. उरलेल्या पाच रेषांच्या. दिवा स्थिर असला तर रेषेवर बोलणे चालू, सावकाश लुकलुकला तर फोन आला आहे, भराभर लुकलुकला तर कोणीतरी ताटकळत आहे. एकेका मेजापर्यंत पन्नास तारांची जाड केबल न्यावी लागे. १९६३ साली चकतीच्या जागी अंकांच्या कळा आल्या आणि १९६८ साली त्यांत तारा व जाळी ह्या दोन चिन्हांची भर पडली. भाषेच्या दृष्टीने ही भर मोलाची. अंक हे माणसांच्या नावांसारखे. ही दोन चिन्हे मात्र कोणाचीच नावे नव्हेत. ती यंत्रालाच उद्देशून आहेत, म्हणजे क्रियापदे आहेत. यंत्राच्या ह्या छोट्या भाषेत क्रियापद बहुधा प्रथम येते आणि कर्म मागून : आधी आज्ञेची कळ, मग क्रमांक. मराठी, कन्नड, तेलुगू ह्या तिन्ही भाषांचा वाक्यक्रम ह्याच्या उलट आहे.

अमेरिकेच्या लष्करी दूरध्वनी जाळ्यात ह्या कळफलकावर चार कळांचा एक चौथा स्तंभही होता. त्या कळा दाबणाऱ्याच्या फोनला अग्रक्रम देत, आणि सर्वांत वरच्या दर्जाचा फोन खालच्या दर्जाचे चालू संभाषण तोडून आत शिरू शके. पदांची उतरंड इतक्या उघडपणे कळफलकावर दुसरीकडे क्वचितच लिहिली गेली असेल.

१९६५ साली न्यू जर्सीतील सुकासुना येथे साठवलेल्या आज्ञांनुसार चालणारे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू झाले आणि दहा वर्षांत तेच तत्त्व कचेरीच्या खाजगी केंद्रात उतरले. आता कळीला तिची स्वतःची तार राहिली नाही; कळ म्हणजे केवळ एक जागा, आणि तिचा अर्थ मध्यवर्ती यंत्राच्या स्मृतीत. अर्थ बदलावयाचा तर तार बदलण्याचे कारण नाही. सोलापूरकराला हे तत्त्व परके वाटू नये. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डवर उठते, त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कोणते ताणे उचलावयाचे हे ठरवितात. माग तोच, पट्ट्या बदलल्या की नक्षी बदलते. जेकार्डने हा माग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सिद्ध केला होता. दूरध्वनीच्या कळीला ते साधण्यास त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली.

भारतात ही साधने उशिरा आली. मुंबई व कलकत्ता येथील दूरध्वनी कंपन्या सरकारने १९४३ साली ताब्यात घेतल्या. १९४८ साली बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज निघाली. परंतु फोन मिळणे हेच जेथे भाग्य, तेथे फोनवर किती कळा असाव्यात हा प्रश्न कोण विचारणार? १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली आणि त्याच सुमारास दूरध्वनी संचांचे उत्पादन खाजगी कारखानदारांस खुले झाले. १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सी-डॉटचे पहिले ग्रामीण केंद्र सुरू झाले, आणि तिचे कार्यालयीन केंद्राचे तंत्र अनेक भारतीय उत्पादकांकडे गेले. 'ईपीएबीएक्स' हा उच्चारास अवघड शब्द त्यानंतर बँका, रुग्णालये, महाविद्यालये आणि कारखाने ह्यांच्या तोंडी बसला. बोलण्यात मात्र त्याला बहुधा 'इंटरकॉम'च म्हणतात.

ह्या यंत्रात ऑपरेटरचे ज्ञान दोन ठिकाणी गेले. एक, प्रत्येक मेजाला दिलेला दर्जा : कोणी बाहेर फोन करावा, कोणी परगावी, कोणाला दुसऱ्याच्या संभाषणात शिरता यावे. दोन, मेजावरच्या कळांना दिलेले क्रमांक. कळीशेजारच्या पारदर्शक पट्टीखाली कागदाचा तुकडा सरकवून त्यावर हाताने नाव लिहितात. त्या कागदावर व्यक्तीचे नाव क्वचित असते; साहेब, अकाउंट, गेट, गोडाऊन अशी पदांची आणि जागांची नावे असतात. ऑपरेटरला माणसे ठाऊक होती. कळीला खुर्ची ठाऊक असते. बदली झालेला अधिकारी नव्या खोलीत जातो आणि त्याची कळ जुन्या खोलीतच वाजत राहते, जोपर्यंत कोणी केंद्रात ती नोंद बदलीत नाही. जुन्या केंद्रांची स्मृती एका लहान बॅटरीवर जगे. भारनियमनाच्या दिवसांत ती बॅटरी संपलेली असली, की वीज परतल्यावर कळा जागच्या जागी असत, पण त्यांना काहीच आठवत नसे.

शब्दांचा हिशेब थोडक्यात सांगता येईल. इंग्रजीतील एका शब्दासाठी मराठीने तीन शब्द आधीच वाटून ठेवले होते. कुलपाला किल्ली किंवा पोर्तुगीजांकडून आलेली चावी, आणि यंत्राला कळ. भाषा संचालनालयाच्या १९६० सालच्या स्थापनेनंतर शासकीय परिभाषेचे मोठे काम झाले आणि 'दूरध्वनी' हा शब्द कागदोपत्री स्थिरावला. त्याचे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीला दिले जाते. कचेरीच्या जिभेवर मात्र फोन, लाइन आणि बटण हेच राहिले. क्रियापदांची गोष्ट वेगळी. ती सर्व देशी आहेत : फोन लावणे, उचलणे, ठेवणे, जोडून देणे. चकती गेली तरी 'नंबर फिरवला' असे म्हणणारे अजून भेटतात. नाम उसने घ्यावे आणि क्रियापद घरचे वापरावे, ही मराठीची जुनी रीत येथेही टिकली. 'मेसेज'लाही 'टाकणे' किंवा 'ठेवणे' अशी क्रियापदे मिळाली. 'सांगणे' मात्र त्याच्याशी फारसे जुळले नाही. निरोप सांगतात, मेसेज टाकतात.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. मेसेज कळीने पाठविलेल्या संकेताचे भाषांतर केले, तर ते 'मला फोन करा' असे होईल की 'मला फोन कर' असे, हे दिव्यावरून कळत नाही. संदर्भावरून कळते, आणि संदर्भ म्हणजे पद. वरिष्ठाच्या कळीने कनिष्ठाच्या मेजावर लागलेला दिवा हे बोलावणे असते. तोच दिवा उलट दिशेने लागला, तर वरिष्ठाने कनिष्ठाला आपण होऊन फोन करावा असे त्याचे म्हणणे होते. आणि मराठी कचेरीत ते उद्धटपणाच्या अगदी जवळ जाते. म्हणून कनिष्ठ मनुष्य ही कळ वरिष्ठासाठी सहसा दाबीत नाही. तो थोड्या वेळाने पुन्हा फोन लावतो, किंवा उठून त्या खोलीच्या दाराशी जातो आणि बाहेरच्या शिपायाजवळ निरोप ठेवतो. कळ दोन्ही संचांवर सारखी असली तरी तिचा वापर एकदिशीय होतो. रेल्वेच्या ठोक्यांना पोचेचा नियम आहे, त्यामुळे तेथे दर्जाचा प्रश्न उठत नाही. कार्यालयीन दिव्याला तसा नियम नाही. दिवा पाहून तो तसाच जळत ठेवणे हेही एक उत्तर असते.

ध्वनिमुद्रित निरोपाने ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा होती. अमेरिकेत त्याचे महत्त्वाचे पेटंट १९८३ साली मिळाले आणि पुढे ही सोय कार्यालयीन केंद्रांतही आली. त्यात शब्द परत आले, 'मी'सुद्धा आला, पण मध्यस्थ नसल्याने 'म्हणून' आला नाही. ऐकणारा समोर नसताना, त्याची पोच नसताना, यंत्रासमोर आदरार्थी वाक्य उभे करणे अनेकांना जमत नाही. शिट्टी वाजताच ते फोन ठेवून देतात. पुढे मोबाइल आल्यावर लोकांनी आपण होऊन जी युक्ती काढली, ती पुन्हा शब्दावाचूनचीच होती. मिस्ड कॉल हा मेसेज कळीचाच प्रकार. फरक इतकाच, की त्याचा अर्थ दोघांनी आधी ठरवून घेतलेला असतो. एक घंटा म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. स्टेशन मास्तराच्या ठोक्यांशी त्याचे जे साम्य आहे, ते कार्यालयीन दिव्याशी नाही. आणि तेथेही प्रश्न तोच राहिला : मिस्ड कॉल मुलाने बापाला द्यावा, हे चालते; कारकुनाने साहेबाला देणे अजूनही चालत नाही.