जिममधला ‘दोन ग्रॅम’चा आकडा आला कुठून?

जिममध्ये नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात एक आकडा कानावर पडतो: वजनाच्या किलोमागे रोज दोन ग्रॅम प्रोटीन. घरी आलं की दुसरं वाक्य तयार असतं, ‘त्या पावडरी खाऊ नकोस, किडन्या जातील.’ दोन्ही वाक्यं सारख्याच ठामपणे बोलली जातात. संशोधनाकडे वळणार असाल तर ‘हे खरं का?’ याच्याही आधी ‘हे मोजलं कसं?’ असं विचारा. कारण या आकड्यामागे दीडशेहून जास्त वर्षांची भांडणं आहेत, आणि ती बहुतेक मोजमापाचीच आहेत.

लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलं की स्नायू काम करताना स्वतःचंच प्रथिन जाळतात. म्हणजे कष्ट जास्त, तर मांस जास्त. ऐकायला किती पटतं, नाही? १८६५ च्या ऑगस्टमध्ये फिक आणि विस्लिसेनुस या दोघांनी ते तपासलं. आदल्या दिवसापासून प्रथिनं बंद करून, चरबीत तळलेल्या पिठुळाच्या टिक्क्या आणि गोड चहा यांवर ते स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न चढले, जवळजवळ दोन हजार मीटर. वाटेतली सगळी लघवी जपून ठेवली आणि तिच्यातल्या नायट्रोजनवरून किती प्रथिन जळलं ते काढलं. ते माणशी ३७ ग्रॅमच्या आसपास निघालं. एवढ्या प्रथिनातून स्वतःचं वजन वर नेण्याचं कामसुद्धा पूर्ण होत नव्हतं. पुढच्या वर्षी फ्रँकलंड यांनी प्रथिनाची उष्णता प्रत्यक्ष मोजली, तेव्हा तफावत आणखी वाढली. इंधन म्हणून मुख्य काम पिष्ट आणि चरबी करतात, हे तिथे दिसलं. (दोनच माणसं, तीही स्वतः संशोधक! आज कुठली एथिक्स कमिटी हे पास करील?)

तरी आकडा खाली आला नाही. म्युनिकच्या फॉइट यांनी कामकरी माणसासाठी रोज ११८ ग्रॅम सांगितले. त्यांचा आधार मुख्यतः धडधाकट कामकरी प्रत्यक्षात काय खातात हा होता. इथे थांबा. माणूस जे खातो ते आणि त्याला जे लागतं ते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या प्रबंधातही ही गफलत कुठून तरी शिरेल, लक्ष ठेवा.

येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १९०४ च्या पुस्तकात त्यांनी प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू अशा तीन गटांना महिनोन् महिने फॉइटच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनांवर ठेवल्याचं मांडलं. ताकद घटली नाही, उलट वाढली. पण सैनिक त्याच काळात रोज व्यायामही करत होते, मग ताकद कशाने वाढली? तुलनेला दुसरा गटच नव्हता. उलट बाजूने कलकत्त्याच्या मॅक्के यांनी १९१२ मध्ये लिहिलं की बंगाली माणूस कमी प्रथिनामुळे दुबळा आणि पंजाबी शीख जास्त प्रथिनामुळे दणकट. हवामान, आजार, गरिबी, सगळं बाजूला सारून! साहेबाचा पूर्वग्रह ग्रॅममध्ये मोजला, एवढंच.

बॉडीबिल्डरांवरचा नीट अभ्यास फार उशिरा झाला. पद्धत जुनीच, नायट्रोजन संतुलनाची: किती खाल्ला, किती बाहेर पडला. तिचा दोष असा की ताटात राहिलेलं अन्न ‘खाल्लं’ म्हणून मोजलं जातं, आणि घाम, केस, त्वचेतून जाणारा नायट्रोजन निसटतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. भरपूर प्रथिन खाणाऱ्याचं संतुलन रोज १० ग्रॅम अधिक दिसलं, तर हिशोब करा: गुणिले ६.२५, म्हणजे ६२.५ ग्रॅम प्रथिन. स्नायूत प्रथिन साधारण एक पंचमांश, म्हणजे रोज ३०० ग्रॅमच्या वर स्नायू. महिन्याला नऊ किलो! असा माणूस कुणी पाहिलाय?

१९९२ मध्ये टार्नोपोल्स्की आणि सहकाऱ्यांनी म्हणून दुसरं मापही जोडलं, ल्युसिन हे अमिनो आम्ल किती जळतं ते. किलोमागे २.४ ग्रॅम दिल्यावर जळणं वाढलं, म्हणजे शरीर जास्तीचं प्रथिन स्नायूत न घालता जाळत होतं. त्यांची शिफारस १.७६ ग्रॅमच्या आसपास होती.

२०१८ मध्ये मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ प्रयोग एकत्र केले. फायदा १.६ ग्रॅमच्या आसपास थांबतो, असं निघालं. पण त्या अंदाजाची विश्वासमर्यादा १.०३ ते २.२०! जिममधला दोनचा आकडा तिच्या वरच्या टोकाकडचा. आणि जास्तीच्या प्रथिनामुळे पडलेली भर सरासरी ०.३ किलो, बाकी सगळं वजनं उचलण्याचं. डब्यावर हे कुणी छापत नाही. गंमत बघा, ७० किलोच्या माणसाला १.६ ने ११२ ग्रॅम होतात, फॉइटच्या अगदी जवळ. आणि आपल्याकडची आयसीएमआरची सर्वसाधारण प्रौढांसाठीची २०२० ची शिफारस, किलोमागे ०.८३, चिटेंडनच्या बाजूची.

आता किडनी. ही भीती हवेतून आलेली नाही. जास्त प्रथिनाने किडनीची गाळण्याची गती वाढते, आणि हा ताण वर्षानुवर्षं राहिला तर ती झिजते, असं ब्रेनर यांनी १९८२ मध्ये सुचवलं. पण आधार बराचसा उंदरांचा आणि आधीच अर्धवट उरलेल्या किडन्यांचा होता. निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत तसं नुकसान दिसलेलं नाही. मात्र ते प्रयोग आठवड्यांचे आणि महिन्यांचे, वीस वर्षांचे नव्हेत. शिवाय स्नायू जास्त असले किंवा क्रिएटिन चालू असलं, तर रक्तातलं क्रिएटिनिन किडनी ठीक असूनही वाढलेलं दिसतं. म्हणून घरात मधुमेह असेल, बीपी असेल किंवा एकच किडनी असेल, तर डबा फोडण्याआधी क्रिएटिनिनबरोबर लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना आपण काय उचलतो, काय खातो ते सगळं सांगा.