जॉर्ज हॅरिसनची सर्वोत्तम गीते कोणती? तीन संग्रह, एक खटला आणि यादीतून गळालेले एक गीत (थ्रेड)

१) २९ नोव्हेंबर २००१ रोजी जॉर्ज हॅरिसनचे वयाच्या ५८व्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये निधन झाले. जानेवारी २००२ मध्ये त्याचे ‘माय स्वीट लॉर्ड’ ब्रिटनमध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले आणि ३१ वर्षांनी दुसऱ्यांदा विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या एकल कारकिर्दीतील सर्वोत्तम गीत कोणते, या वादात अनेकांना हा निर्णायक पुरावा वाटतो.

२) वाद मात्र मिटलेला नाही. एक पक्ष १९७० च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमबाहेर पाहायलाच तयार नसतो. दुसरा १९७३ च्या ‘गिव्ह मी लव्ह’चा, तिसरा १९८७ च्या ‘क्लाउड नाइन’चा अभिमानी असतो. चौथा पक्ष मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘मारवा ब्लूज’चे नाव घेतो आणि इतरांना निरुत्तर करू पाहतो.

३) आवडीचा निवाडा इतिहासाला करता येत नाही. ‘सर्वोत्तम’ची यादी कोणी केली, केव्हा केली आणि कशासाठी केली, हे मात्र तो विचारू शकतो. हॅरिसनच्या बाबतीत हे प्रश्न विचारले की वादातील बरीच गृहीतके डळमळतात. त्यातले पहिले गृहीतक असे : तो १९७० मध्ये शिखरावर होता, नंतर उतरणच लागली.

४) त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात. बीटल्समध्ये बहुतांश गीते जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीची असत. हॅरिसनच्या वाट्याला एका अल्बममध्ये साधारण एक-दोन गीते येत. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये त्याची तीन गीते आली, हेच विशेष मानले गेले.

५) परिणामी त्याची गीते साचत गेली. ‘इझन्ट इट अ पिटी’ आणि ‘आर्ट ऑफ डाइंग’ यांचा उगम १९६६ चा. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे शीर्षकगीत त्याने जानेवारी १९६९ मध्ये सहकाऱ्यांसमोर मांडले होते. २०२१ च्या ‘गेट बॅक’ या माहितीपटात तो काळ पाहता येतो. त्याच महिन्यात तो काही दिवस बँड सोडून गेला आणि ज्या दिवशी गेला त्याच दिवशी त्याने ‘वा-वा’ लिहिले.

६) बीटल्स फुटल्यावर नोव्हेंबर १९७० मध्ये तीन तबकड्यांचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ आला. त्यात २३ ध्वनिमुद्रणे होती : पहिल्या दोन तबकड्यांवर १८ गीते आणि तिसरीवर वादकांच्या उत्स्फूर्त मैफलीचे पाच तुकडे. अमेरिकेत हा अल्बम सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला.

७) म्हणजे हे एका वर्षाचे पीक नव्हते. चार-पाच वर्षांची साठवण एकदम बाजारात आली होती. त्याची तुलना पुढच्या दोन-अडीच वर्षांत लिहिलेल्या अल्बमशी करून ‘प्रतिभा आटली’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दप्तरात नोंद झालेल्या तारखेलाच घटनेची तारीख समजणे.

८) उलट बाजूचे पुरावेही आहेत. ‘नॉट गिल्टी’ हे गीत बीटल्सने १९६८ मध्ये घेतले. त्याच्या टेकची संख्या शंभराच्या पुढे गेली आणि तरीही ते अल्बममधून वगळले गेले. हॅरिसनने ते नव्याने ध्वनिमुद्रित करून १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. १९६८ मध्येच रचलेले ‘सर्कल्स’ तर थेट १९८२ च्या ‘गॉन ट्रॉपो’मध्ये आले. रचनेचा काळ आणि प्रसिद्धीचा काळ वेगळे मांडले की ‘शिखर आणि उतरण’ हा सोपा आलेख टिकत नाही.

९) आता विक्रीच्या पुराव्याकडे. ब्रिटनमध्ये जानेवारी ते मार्च १९७१ या काळात टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. दुकानांतील विक्रीचे आकडे टपालाने येत असल्याने अल्बमची अधिकृत यादी त्या आठवड्यांत नीट तयारच झाली नाही. त्यामुळे ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ ब्रिटनमध्ये कधीच पहिला आला नाही, असे अनेक वर्षे लिहिले जात होते. २००६ मध्ये नोंद दुरुस्त झाली आणि त्या आठवड्यांतील पहिला क्रमांक त्याला परत मिळाला.

१०) साधनच अपुरे असेल तर त्यावर उभा राहिलेला निष्कर्ष ३५ वर्षे चुकीचा राहू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. चाहत्यांच्या वादात मात्र विक्रीचा क्रमांक आजही शेवटचा शब्द म्हणून फेकला जातो.

११) ‘सर्वोत्तम’ची पहिली अधिकृत यादी १९७६ ची. त्या वर्षाच्या जानेवारीत हॅरिसनचा ईएमआय कंपनीशी असलेला करार संपला. कंपनीने त्याच वर्षी ‘द बेस्ट ऑफ जॉर्ज हॅरिसन’ बाजारात आणला. त्याच्या एका बाजूला बीटल्सची सात गीते होती आणि दुसऱ्या बाजूला एकल कारकिर्दीतील केवळ सहा.

१२) याचा अर्थ उघड होता. १९७५ मध्ये आलेल्या लेनन आणि रिंगो स्टार यांच्या संग्रहांत केवळ एकल गीते होती. स्वतंत्रपणे उभे राहण्यास अपुरा, असा शिक्का चौघांपैकी एकट्या हॅरिसनवर बसला. कंपनीचा हा निर्णय त्याला रुचला नाही.

१३) ती सहा गीते कोणती? ‘माय स्वीट लॉर्ड’, ‘व्हॉट इज लाइफ’, ‘बांगला देश’, ‘गिव्ह मी लव्ह’, ‘डार्क हॉर्स’ आणि ‘यू’. सगळी सिंगल म्हणून प्रसिद्ध झालेली, म्हणजे रेडिओवर वाजलेली. ‘इझन्ट इट अ पिटी’ आणि ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’ ही आज चाहते ज्यांवर भांडतात ती गीते त्यात नाहीत.

१४) दुसरी यादी १९८९ ची : ‘बेस्ट ऑफ डार्क हॉर्स’. डार्क हॉर्स ही हॅरिसनची स्वतःची कंपनी, स्थापना १९७४. येथे चित्र पालटते. ‘गॉन ट्रॉपो’ हा त्याचा सर्वांत दुर्लक्षित अल्बम. त्याच्या प्रचारासाठी हॅरिसनने जवळजवळ काहीच केले नव्हते आणि ब्रिटनच्या यादीत त्याला स्थानही मिळाले नव्हते. या संग्रहात त्यातील तीन गीते आहेत. तुफान यशस्वी ‘क्लाउड नाइन’मधलीही तीनच.

१५) तिसरी यादी त्याच्या निधनानंतर २००९ मध्ये आली : ‘लेट इट रोल’, १९ गीते. १९७६ च्या सहा एकल गीतांपैकी तिच्यात तीनच उरली. ‘यू’ गेले, ‘डार्क हॉर्स’ गेले आणि ‘बांगला देश’ही गेले. उलट ‘इझन्ट इट अ पिटी’ आले आणि ‘मारवा ब्लूज’ही आले. तेहतीस वर्षांत निम्मी यादी बदलली.

१६) यातील ‘बांगला देश’ची गच्छंती विशेष विचार करण्याजोगी आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील लष्करी कारवाईमुळे लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्याआधी नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच प्रदेशाला भीषण चक्रीवादळाने झोडपले होते. पंडित रविशंकर यांचे पूर्वज पूर्व बंगालचे. त्यांनी आपल्या या शिष्याकडे मदतीसाठी शब्द टाकला.

१७) हॅरिसनने काही आठवड्यांत कार्यक्रम उभा केला. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन प्रयोग झाले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते होते. आरंभी रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांचे वादन झाले. शेवट ‘बांगला देश’ या नव्या गीताने झाला. ते गीत कार्यक्रमापूर्वी काही दिवस सिंगल म्हणून बाहेर पडले होते.

१८) तिकिटविक्रीतून सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफकडे गेले. अल्बम आणि चित्रपटाच्या उत्पन्नाची कथा मात्र कटू आहे. करसवलतीसाठीची औपचारिकता आधी पूर्ण झालेली नव्हती. त्यामुळे अमेरिकी करखात्याने मोठी रक्कम अनेक वर्षे अडकवून ठेवली. गरज होती तेव्हा ती पोहोचली नाही. पुढच्या काळातील मदत-मैफलींनी यावरून धडा घेतला.

१९) संगीत म्हणून ‘बांगला देश’ सर्वोत्तम आहे का? बहुतेक चाहते ‘नाही’ म्हणतील आणि ते चूक ठरणार नाहीत. गीत घाईने रचलेले आहे आणि ते कानाला कळते. पण ज्या काळात पाश्चात्त्य श्रोत्यांपैकी अनेकांना त्या देशाचे नावही ठाऊक नव्हते, त्या काळात ते नाव गीताच्या शीर्षकात होते. ‘सर्वोत्तम’ आणि ‘सर्वांत परिणामकारक’ या दोन याद्या वेगळ्या ठेवल्या तरच या गीताला न्याय मिळतो.

२०) आता ‘माय स्वीट लॉर्ड’. डिसेंबर १९६९ मध्ये कोपनहेगनमध्ये त्याची सुरुवात झाली. एडविन हॉकिन्स सिंगर्सच्या ‘ओ हॅपी डे’ या ख्रिस्ती भक्तिगीताची प्रेरणा हॅरिसनने मान्य केली होती. मागच्या सामूहिक स्वरांत ‘हालेलुया’वरून ‘हरे कृष्ण’वर सहज जाणे आहे आणि पुढे गुरुस्तुतीचा तो संस्कृत श्लोकही येतो, जो महाराष्ट्रातील मुले शाळेच्या प्रार्थनेत पाठ करतात.

२१) फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्राइट ट्यून्स या कंपनीने दावा दाखल केला. रॉनी मॅक याने रचलेल्या आणि शिफॉन्स या गायिकांच्या समूहाने १९६३ मध्ये गाजवलेल्या ‘ही’ज सो फाइन’ची ही नक्कल आहे, असे तिचे म्हणणे होते. १९७६ मध्ये न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनी निकाल दिला : नक्कल झाली, पण जाणूनबुजून नव्हे, नेणिवेतून. ओवेन स्वतः संगीतरचनाकार होते.

२२) पुढचे वळण अधिक विलक्षण. खटल्याच्या आरंभी हॅरिसनचा व्यवस्थापक असलेला ॲलन क्लाइन नंतर त्याच्यापासून दुरावला आणि १९७८ मध्ये त्याने ब्राइट ट्यून्सचे हक्कच विकत घेतले. १९८१ मध्ये न्यायालयाने हा विश्वासघात ठरवला. क्लाइनने मोजलेल्या ५,८७,००० डॉलरच्या बदल्यात हक्क हॅरिसनला द्यावेत, असा आदेश निघाला. त्याआधी नुकसानभरपाईचा हिशेब जवळपास १६ लाख डॉलरपर्यंत गेला होता.

२३) मग हे गीत ‘त्याचे’ सर्वोत्तम गीत म्हणायचे का? येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. हॅरिसनची तीन एकल गीते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली : ‘माय स्वीट लॉर्ड’, ‘गिव्ह मी लव्ह’ आणि जानेवारी १९८८ मध्ये ‘गॉट माय माइंड सेट ऑन यू’. यातले तिसरे त्याने लिहिलेलेच नाही. ते रूडी क्लार्कचे. जेम्स रे याने ते १९६० च्या दशकाच्या आरंभी गायले होते. २००९ च्या संग्रहाचा आरंभ मात्र याच गीताने होतो.

२४) विक्रीचे तीन सर्वोच्च टप्पे घेतले तर एक गीत दुसऱ्याचे आणि एकावर न्यायालयाचा ठपका. निर्विवाद उरते ते ‘गिव्ह मी लव्ह’. तेही १९७३ मध्ये पहिल्या क्रमांकावर आले ते मॅकार्टनीच्या ‘माय लव्ह’ला खाली उतरवून.

२५) शेवटी मुंबई. १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला आणि ताजमध्ये उतरला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी. एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह त्याने ध्वनिमुद्रण केले. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीतही मुद्रित झाले, त्यात पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे.

२६) ‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या बीटलचा हा पहिला एकल अल्बम. म्हणजे हॅरिसनच्या एकल कारकिर्दीचा आरंभ १९७० मध्ये लंडनला झाला, हे विधान दुरुस्त करावे लागते. तो दोन वर्षे आधी झाला आणि त्याचा मोठा भाग मुंबईत घडला. ‘सर्वोत्तम’च्या एकाही संग्रहात या अल्बममधील काहीही नाही.

२७) हॅरिसनने पुढे सतारीचा ध्यास सोडला आणि स्लाइड गिटार हाती घेतली. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती गिटार ऐकताना भारतीय श्रोत्याला मींड आठवते. ‘मारवा ब्लूज’ हे त्याचे उत्तम उदाहरण : शब्द नाहीत, केवळ वाद्य, आणि शीर्षकात सायंकालीन मारवा रागाचे नाव. मुलगा धनी आणि निर्माता जेफ लिन यांनी पूर्ण केलेल्या ‘ब्रेनवॉश्ड’ (२००२) मध्ये ते आले. २००४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले.

२८) त्याच अल्बमचा शेवट पार्वतीपती शंकराच्या नामघोषाने होतो. बापलेक दोघांचे आवाज त्यात आहेत.

२९) तेव्हा पुढच्या वेळी हा वाद निघाला की चार गोष्टी तपासाव्यात. गीत केव्हा रचले आणि केव्हा प्रसिद्ध झाले? यादी कंपनीची आहे की कलावंताची? विक्रीच्या आकड्यांचे साधन पुरेसे होते का? आणि कोणते गीत यादीतून गळाले, का गळाले? उत्तरे मिळाल्यावरही मतभेद राहतील, पण ते माहितीवर उभे असतील.

३०) आणि ज्यांनी हॅरिसन अद्याप ऐकलेलाच नाही, त्यांनी क्रम असा ठेवावा : ‘द इनर लाइट’, ‘इझन्ट इट अ पिटी’, ‘बांगला देश’, ‘गिव्ह मी लव्ह’, ‘मारवा ब्लूज’. १९६८ च्या मुंबईपासून २००२ पर्यंतचा प्रवास या पाच गीतांत ऐकू येतो. सर्वोत्तम कोणते, हे त्यानंतर ठरवावे. (समाप्त)