तळटीप : धुऱ्यावरचा उंदीर

१. ‘धुऱ्यावरचा बारका उंदीर’ : यवतमाळ जिल्ह्यात कपाशी-तुरीच्या शेतांत, धुऱ्याच्या बिळांत राहणारा हा शेतउंदीर म्हणजे मुस बुडुगा (ग्रे, १८३७). गण कृंतक, कुल म्युरिडी. घरातला लहान उंदीरही याच मुस प्रजातीतला. शेतउंदराचे वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम, पाठ तपकिरी, पोट पांढरे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी दक्षिण मराठा मुलखातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याला ‘लेगाडा’ या वेगळ्या प्रजातीत घातले होते. पुढे तो ‘मुस’मध्ये आला. जातीची प्रजाती अशी बदलली की मूळ नामकर्त्याचे नाव व वर्ष कंसात लिहितात. उलट, दख्खनमधल्या नमुन्यावरून बेनेट यांनी १८३२ मध्ये नाव दिलेला, राठ काटेरी केसांचा मुस प्लॅटिथ्रिक्स मूळ प्रजातीतच राहिला. म्हणून तिथे कंस नाही. ब्लिथ यांचा मुस टेरिकलर (१८५१) शेतउंदरासारखाच दिसतो. दोघांची गुणसूत्रे ४०च, पण त्यांची घडण वेगळी. त्यामुळे नुसत्या रंगावरून ओळख पक्की मानू नये. नोंद करणाऱ्या अभ्यासकांनी मोजमापे व नेमके ठिकाण अवश्य लिहून ठेवावे. — संपादक