घरातली सगळी गाणी एकाच ठिकाणी: वाय-फायवर स्वतःचा म्युझिक सर्व्हर कसा सुरू करायचा?

मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अचानक गायब झाली. परवान्याबाबतचा करार होऊ न शकल्याने ती हटवावी लागली होती. पुढच्या वर्षी रेसो आणि विंक म्युझिक ही ॲप्सही भारतात बंद झाली. स्ट्रीमिंगवरचं गाणं आपलं नसतं, हे त्यामुळे अनेकांना पहिल्यांदाच जाणवलं.

पण अनेक घरांत स्वतःच्या मालकीचं संगीतही असतं. विकत घेतलेल्या सीडी, आजोबांच्या भजनाची कॅसेट, कॉलेजच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग. हे सगळं एका जागी आणून घरातल्या प्रत्येक फोनवर ऐकण्याची सोय म्हणजे होम म्युझिक सर्व्हर.

म्युझिक सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

घरातल्या एका कॉम्प्युटरवर गाणी साठवलेली असतात. त्यावरचं सॉफ्टवेअर त्या गाण्यांची यादी तयार करतं आणि राउटरमार्फत ती फोन, टॅब किंवा लॅपटॉपवर ऐकवतं. हे सगळं घरातल्या नेटवर्कवरच चालतं. त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी राउटर सुरू असेपर्यंत गाणी वाजतात.

त्यासाठी काय लागतं?

नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पुरतो. तो राउटरला लॅन केबलने जोडला, तर गाणी अडकत नाहीत.

जागाही फार लागत नाही. ३२० केबीपीएस दर्जाचं पाच मिनिटांचं एमपीथ्री गाणं साधारण १२ एमबीचं असतं. म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशी सुमारे ८० हजार गाणी मावतात. सीडीचा मूळ दर्जा टिकवणारा फ्लॅक फॉरमॅट वापरला, तर तेवढंच गाणं साधारण ३० एमबीच्या आसपास जातं.

सर्व्हर कसा सुरू करायचा?

नॅव्हिड्रोम, जेलीफिन आणि लिरियन ही यासाठीची मोफत सॉफ्टवेअर्स आहेत. फक्त गाण्यांसाठी नॅव्हिड्रोम सोपं पडतं.

१. सगळी गाणी एका फोल्डरमध्ये आणा. त्यात कलाकारानुसार आणि अल्बमनुसार उपफोल्डर करा.

२. नॅव्हिड्रोम इन्स्टॉल करून त्याला हा फोल्डर दाखवा.

३. फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता, त्यापुढे कोलन आणि ४५३३ हा पोर्ट क्रमांक टाका. आकडे इंग्रजीत टाइप करा. पहिल्यांदा उघडल्यावर ॲडमिनचं खातं तयार होतं.

४. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी कायमचा आयपी पत्ता राखून ठेवा. नाहीतर तो कधीही बदलू शकतो आणि फोनला सर्व्हर सापडत नाही.

५. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं उघडा, म्हणजे आईच्या आणि मुलाच्या प्लेलिस्ट एकमेकांत मिसळणार नाहीत. सबसॉनिक पद्धतीला चालणारं कोणतंही ॲप फोनवर वापरता येतं.

गाडी कुठे अडते?

सर्वांत जास्त गोंधळ नावांचा होतो. नॅव्हिड्रोम फोल्डरचं नाव नाही, तर फाइलमधली माहिती, म्हणजे टॅग वाचतं. एकाच गायिकेचं नाव कुठे मराठीत आणि कुठे इंग्रजीत असेल, तर यादीत दोन गायिका दिसतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड किंवा एमपीथ्रीटॅग वापरून हे टॅग दुरुस्त करता येतात.

लॅपटॉप झाकण लावल्यावर झोपी जाणार नाही, अशी सेटिंग करा. फोन गेस्ट वाय-फायवर असेल तर त्याला बहुतेक वेळा सर्व्हर दिसत नाही. घराबाहेरून गाणी ऐकायची असतील, तर राउटरचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडू नका. टेलस्केलसारखं व्हीपीएन त्यापेक्षा सुरक्षित आहे.

कॅसेटचं काय?

कॅसेट प्लेयरचं हेडफोनचं भोक केबलने कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला जोडा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, त्यात शॉर्टकट नाही. मात्र चुंबकीय फीत काळानुसार खराब होत जाते, म्हणून एकमेव असलेली कॅसेट आधी हाती घ्या.

हे कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक कामासाठीच्या वाजवी वापराला सूट आहे. पण इतरांना गाणी वाटणं किंवा पायरेटेड गाणी उतरवणं त्यात बसत नाही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी कुलूपबंद स्वरूपात असतात. ती सर्व्हरवर चालत नाहीत.

सर्व्हर झाला म्हणजे काम संपलं?

नाही. हार्ड डिस्क कधीतरी बंद पडतेच आणि सगळी गाणी एकाच डिस्कवर असतील तर सगळीच जातात. त्यामुळे एकूण तीन प्रती ठेवा: एक सर्व्हरवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. बाजारात मिळणारी गाणी पुन्हा घेता येतील, आजोबांचा आवाज मात्र दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. त्या रेकॉर्डिंगचा बॅकअप सर्वांत आधी घ्या.