नुसता छंद? एका विद्यार्थ्याचा प्रकल्प आणि मागे वळून बघण्याची रीत

आजचा विषय संगणकाचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने संगणकावर काय बोलायचं, अशी शंका कुणाला आली तर ती रास्तच आहे. आम्ही काही प्रोग्राम लिहिणारे नव्हे. पण आज आपल्याला यंत्रापेक्षा इतिहासाबद्दल बोलायचं आहे. प्रश्न असा की, एखादं लहानसं, स्वतःपुरतं केलेलं काम पुढे प्रचंड मोठं झालं, तर त्याच्या सुरुवातीकडे आपण कसं बघायचं? आणि ते करणाऱ्याने स्वतः कसं बघायचं?

उदाहरण घेऊ लिनस टोरवाल्ड्स यांचं. जन्म हेलसिंकीचा, २८ डिसेंबर १९६९. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारा एक लहान समाज आहे, त्यातलं हे घर. आजोबा लिओ टर्नक्विस्ट हे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. या आजोबांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कमोडोर कंपनीचा व्हिक-२० हा घरगुती संगणक आणला. आजोबा कागदावर प्रोग्राम लिहायचे आणि नातू ते यंत्रावर टंकित करायचा. आजोबांच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवावीत, तसंच हे. नातवंडाकडून मोबाइल शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं, की इथे गाडी उलट दिशेने चालली होती!

पुढे या मुलाने पैसे साठवून सिंक्लेअर क्यूएल नावाचा संगणक घेतला. यंत्र चांगलं होतं, पण बाजारात फारसं चाललं नाही. परिणाम काय झाला? फिनलंडमध्ये त्याच्यासाठी सॉफ्टवेअर मिळेना. मग मुलाने स्वतःच मजकूर लिहायचा एडिटर केला, असेम्ब्लर केला, एक-दोन खेळ केले. फ्लॉपी चालवणारा ड्रायव्हर मनासारखा नव्हता, तर तोही लिहिला. आपल्याकडे सुताराचा मुलगा आधी हत्याराला धार लावायला शिकतो, लाकडाला हात नंतर लावतो. इथे तर हत्यारंच घडवायची वेळ आली. तेव्हा जे नाही ते आपण करायचं, ही सवय अडचणीतून लागली. ही गोष्ट आपण जरा बाजूला ठेवू, ती पुढे लागणार आहे.

१९८८ साली लिनस हेलसिंकी विद्यापीठात आला. मध्ये सक्तीची लष्करी सेवा झाली. १९९०च्या शरद ऋतूत सी भाषा आणि युनिक्स यांचा अभ्यासक्रम त्याने घेतला. विद्यापीठाकडे युनिक्स चालवणारं एक यंत्र होतं, त्यावर एका वेळी सोळाच जण काम करू शकत. म्हणजे रांग आली. त्याच सुमाराला त्याने अँड्र्यू टॅनेनबॉम यांचं ऑपरेटिंग सिस्टीमवरचं पाठ्यपुस्तक वाचलं. टॅनेनबॉम ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातले नामांकित प्राध्यापक. विद्यार्थ्यांना शिकता यावं म्हणून त्यांनी मिनिक्स नावाची युनिक्ससारखी छोटी प्रणाली लिहिली होती, ती १९८७ साली पुस्तकासोबत आली.

५ जानेवारी १९९१ या दिवशी लिनसने ३८६ प्रोसेसरचा संगणक विकत घेतला. ३३ मेगाहर्ट्झ वेग, ४ मेगाबाइट मेमरी, आणि पैसे हप्त्याने. मिनिक्सच्या फ्लॉप्या टपालाने यायला वेळ लागला, तोवर स्वारी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ खेळत बसली. इतिहासाच्या पुस्तकात असे दिवस सहसा येत नाहीत. आम्हाला ते महत्त्वाचे वाटतात.

आता बघा, पुढची साखळी कशी जुळली. मिनिक्स आलं, पण त्यात टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या यंत्राशी जोडून घेण्याची सोय त्याला आवडली नाही. म्हणून त्याने स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला, आणि तोही कुठल्या प्रणालीच्या आधाराशिवाय, थेट यंत्रावर. सुरुवातीला काय होतं? दोन कामं आळीपाळीने चालायची. एक पडद्यावर ‘ए’ अक्षर छापायचं, दुसरं ‘बी’. बस्स. मग ‘ए’ छापणाऱ्याला कीबोर्डवरून वाचून मोडेमकडे पाठवायला लावलं, ‘बी’ छापणाऱ्याला मोडेमकडून वाचून पडद्यावर दाखवायला. झाला टर्मिनल प्रोग्राम तयार. मग वाटलं, तिकडची फाइल उतरवून घ्यायची तर डिस्कवर लिहिता यायला हवं. म्हणून डिस्कचा ड्रायव्हर आला. फाइल ठेवायची तर फाइलींची व्यवस्था हवी. म्हणून फाइल सिस्टीम आली. आणि एक दिवस लक्षात आलं, की ही तर ऑपरेटिंग सिस्टीमच व्हायला लागली आहे. माणूस अंगणात तुळशीसाठी कट्टा बांधायला घेतो आणि बघता बघता घराचा पाया घालून बसतो, असा हा प्रकार.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना एक संदेश पाठवला. आशय असा, की मी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम करतो आहे, हा नुसता छंद आहे, ती काही मोठी आणि व्यावसायिक होणार नाही. मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय नाही, ते सांगा. सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती आली. सुमारे १०,००० ओळी. नाव त्याच्या मनात वेगळं होतं, ‘फ्रीक्स’. ज्यांच्याकडे सर्व्हरची व्यवस्था होती त्या ॲरी लेमके यांना ते पसंत पडलं नाही, त्यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव देऊन टाकलं. म्हणजे बारसंही दुसऱ्यानेच केलं!

इथे आपण थांबू आणि प्रश्नाकडे येऊ. आज आपल्याला शेवट ठाऊक आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल आहे. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७पासून त्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. आपल्या पुण्यातल्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२०मध्ये त्या यादीत ६३व्या क्रमांकावर होता, तोही त्यातलाच. शेवट असा डोळ्यांसमोर असला, की आपण सुरुवातीत शेवट शोधायला लागतो. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ असं म्हणून मोकळे होतो. आजोबांच्या मांडीवरचा मुलगा आपल्याला भावी क्रांतिकारक दिसतो. मग ‘नुसता छंद’ हे शब्द आपल्याला विनयाचे वाटतात.

ते विनयाचे नव्हते. ते त्या दिवशी अक्षरशः खरे होते. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. ऑगस्ट १९९१मध्ये कुणी त्याला विचारलं असतं, की हे कुठे जाईल, तर त्याच्याकडे दुसरं कुठलंही प्रामाणिक उत्तर नव्हतं. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प १९८३-८४पासून चालू होता. त्यांच्याकडे कंपायलर होता, शेल होतं, इतर पुष्कळ साधनं होती. कर्नल तेवढा बाकी होता, आणि तोही होईल अशी अपेक्षा होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं युनिक्सही पीसीवर येऊ घातलं होतं. टोरवाल्ड्स यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की ते तेव्हा हाताशी असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं. आपल्या यशाबद्दल असं बोलणारी माणसं थोडी. त्यांच्या २००१ सालच्या आत्मचरित्राचं नावही ‘जस्ट फॉर फन’, म्हणजे निव्वळ गंमत म्हणून.

मग सगळा योगायोगच का? तसंही नाही. योगायोग झेलायला हात तयार असावे लागतात. फिनलंडमध्ये विद्यापीठाची फी नव्हती, त्यामुळे पदवीची घाई नव्हती. विद्यापीठांचं इंटरनेट होतं. याच देशात, औलू विद्यापीठात, १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था लिहिली, तीही अशीच. त्यात ती सिंक्लेअरच्या दिवसांतली सवय. आणि ऐकून घेण्याची तयारी. १९९१च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एका वापरणाऱ्याने कळवलं, की माझ्याकडे २ मेगाबाइटच मेमरी आहे, भागत नाही. लिनसकडे स्वतःकडे ४ होती, त्याला गरज नव्हती. तरी नाताळच्या सुट्टीत बसून त्याने मेमरीतली पानं तात्पुरती डिस्कवर ठेवायची सोय केली. आमच्या मते काम ‘स्वतःचं’ राहूनही ‘स्वतःपुरतं’ राहिलं नाही, तो क्षण हा. त्याने लोकांकडे पैसे मागितले नाहीत, पोस्टकार्डं मागितली. १९९२च्या सुरुवातीला त्याने ग्नूचा परवाना स्वीकारला, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, पण बदल केलेलं वाटलं तर त्याचा मूळ मजकूरही द्यावा.

आता गुरूंचं मत बघू. २९ जानेवारी १९९२ रोजी खुद्द टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं, की लिनक्स कालबाह्य आहे. त्यांचे आक्षेप दोन. पहिला रचनेचा. टॅनेनबॉम यांच्या पद्धतीत सगळ्यांनी वेगळ्या चुली मांडायच्या. फाइलींचा कारभार वेगळा, ड्रायव्हर वेगळे, मधला कर्नल अगदी लहान. एक चूल विझली तरी बाकीच्या पेटत्या राहतात. लिनक्स म्हणजे एकत्र कुटुंब, सगळं एकाच छपराखाली. दुसरा आक्षेप असा, की हे फक्त ३८६वर चालतं, एका प्रोसेसरला जखडलेलं आहे. आणि जाता जाता त्यांनी ऐकवलं, की तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, या रचनेला मी चांगले गुण दिले नसते.

बावीस वर्षांच्या मुलाने आधी तापून उत्तर दिलं, मग सूर खाली आणला. रचनेबाबत त्याने माघार घेतली नाही. पण दुसरा आक्षेप? तो खरा होता. ऑगस्टच्या संदेशात त्यानेही हेच लिहिलं होतं, की हे दुसऱ्या यंत्रावर नेता येण्यासारखं नाही.

मित्रहो, आता आजचं मुख्य म्हणणं. १४ मार्च १९९४ रोजी १.० आवृत्ती आली, सुमारे १,७६,००० ओळींची. त्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या जॉन हॉल यांनी अल्फा प्रोसेसरचं यंत्र त्याच्यापर्यंत पोचवलं. अल्फा ६४ बिटांचा, ३८६पेक्षा साफ वेगळा. त्यावर लिनक्स नेताना जुन्या गाठी एकेक सोडवाव्या लागल्या. एक उदाहरण देतो. ३८६मध्ये मेमरीचा पत्ता शोधायचे तक्ते दोन पातळ्यांचे असतात. लिनक्समध्ये आता तीन पातळ्यांचं एक सामान्य चित्र कल्पिलं गेलं; ज्या यंत्राला दोनच लागतात तिथे मधली पातळी दुमडून टाकायची. एका यंत्राची खासियत सोडून अनेक यंत्रांत समान काय आहे, ते शोधायचं. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात विशेष आणि सामान्य यांच्याबद्दल तासन्‌तास बोलायचो. इथे त्याची प्रत्यक्ष कामगिरी होती!

आणि १९९७ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठाला पदव्युत्तर प्रबंध सादर केला. विषय कोणता? ‘लिनक्स: एक पोर्टेबल ऑपरेटिंग सिस्टीम’. पोर्टेबल म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येणारी. ज्या गोष्टीवर जगासमोर बोट ठेवलं गेलं, जी त्याने स्वतः पहिल्या दिवशी कबूल केली होती, तीच प्रबंधाचा विषय झाली. विद्यार्थ्याने आपल्याच छंदाकडे मागे वळून बघितलं, ते विजयाचा पोवाडा गायला नाही. काय जखडलं होतं, ते कसं सोडवलं आणि का तसं सोडवलं, हे सांगायला बघितलं. तोवर लाखो लोक त्याचं काम वापरत होते. त्याला पदवीची गरज होती का? व्यवहारात नव्हती. पण केलेलं काम आणि समजलेलं काम यांत अंतर असतं. ते अंतर लिहिल्याशिवाय कापलं जात नाही.

मागे वळून बघण्याच्या दोन रीती आहेत. एकीत आपण कळसावर उभे राहून पायाकडे बघतो आणि म्हणतो, हे असंच व्हायचं होतं. दुसरीत पुन्हा पायाशी उतरतो, कुठला दगड कुठे आणि का ठेवला, कुठला हलवावा लागला, ते तपासतो. पहिलीतून चरित्र मिळतं, दुसरीतून ज्ञान. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनीही ही दुसरी रीत शिकण्यासारखी आहे.

आणि गुणांचं काय? टॅनेनबॉम चुकले असं म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तसं म्हणणार नाही. उत्तरपत्रिका म्हणून ते बरोबरच तपासत होते. पण उत्तरपत्रिका एकदा तपासून होते, आणि चालू कामाला उद्या असतो. आज ऐकणाऱ्यांत संगणकाचे विद्यार्थी आहेत, शिक्षकही आहेत. विद्यार्थ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की तुमचे ते अर्धवट, नाव न ठेवलेले प्रोग्राम फेकू नका. त्यातला एकही मोठा होणार नाही, असंच बहुधा होईल. जगातल्या बहुतेक छंदांचं तसंच होतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण वर्षाने तो जुना प्रोग्राम उघडा, तो कशाला जखडलेला आहे ते शोधा, आणि दोन पानं लिहा. शिक्षकांना विनंती, की त्या दोन पानांनाही गुण ठेवा.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर विचारा, आपण बोलू.